चौथ्याचं चाक

आमच्या सायकल-संघाने आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी कप शोधत बसायला नको. तरीही आमच्याबद्दल बोलायला लागलो की माझी मान ताठ होते. बायको म्हणते, हेल्मेटचा पट्टा आवळून बांधता म्हणून तसं होतं.

आम्ही चौघे. कप्तान माझा थोरला चुलत भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणतो. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाला, पण शिट्टी अजून गळ्यातच असल्यासारखा बोलतो. शब्दाचा इतका पक्का की तंजावुरात त्याच्याशी पैज लावायला कोणी धजत नाही. दुसरा वीजमंडळातला लाइनमन. खांबांवर चढून चढून त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत. तिसरी सरकारी इस्पितळातली नर्स, वयाने सगळ्यांत लहान आणि बोलायला सगळ्यांत कमी. चौथा मी. पंचवीस वर्षं कचेरीच्या खुर्चीत बसलेला, पोट पुढे आणि राग नाकावर.

लाइनमन आणि नर्स तमिळ घरचे. घरात मराठी बोलणारे आम्ही दोघे भाऊच. पण संघात मोजणी मराठीत होते. अण्णा सगळ्यांत पुढे असतो, त्याला मागे वळून बघता येत नाही. म्हणून प्रत्येक वळणावर तो ओरडतो, "एक!" लाइनमन म्हणतो, "दोन!" नर्स म्हणते, "तीन!" आणि मागून माझं "चार!" आलं की अण्णाला कळतं, सगळे आहेत. त्या दोघांना मराठीचा एवढाच एकेक शब्द येतो, पण तो ते असा ठणठणीत म्हणतात की बाकीच्या संघांना वाटतं ही काहीतरी गुप्त खूण आहे. आमची माणसं या गावात साडेतीनशे वर्षं मराठी बोलत आली. पण गेली काही वर्षं ती हमरस्त्यावर एवढ्या मोठ्याने फक्त आम्हीच बोलतो, आणि याचा मला फार अभिमान आहे.

आमचा दुसरा नियम आम्हाला एका म्हातारीने घालून दिला. कापणीनंतर इकडे खेड्यांतल्या रस्त्यांवर भात वाळत घालतात. अर्धा रस्ता भाताचा, अर्धा बसचा, मधे हद्द दाखवायला दगड मांडलेले. संघ नवा होता तेव्हा सरावात मी वेगाच्या धुंदीत सरळ त्या भातावरून सायकल काढली. कुठूनशी म्हातारी आली आणि तिने माझं हँडलच धरलं.

"तंबी, ताटातलं असंच तुडवतोस का रे?" ती तमिळमध्ये म्हणाली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

मी काहीतरी उलट बोलणार होतो. अण्णाने माझा दंड दाबला. म्हातारीने आम्हा चौघांनाही बूट काढायला लावले आणि भात पायांनी फिरवायला लावलं. पाय घासत चालायचं, दाण्यांत सरळ सऱ्या पाडायच्या, टोकाला पोचलं की आडव्या. भात तापलेलं होतं, तळव्यांना टोचत होतं. नर्सच्या सऱ्या सरळ आल्या, माझ्या गोगलगायीच्या वाटेसारख्या. म्हातारी मला तीनदा परत फिरवून मगच थांबली. त्या दिवसापासून नियम झाला. भात ज्याला आधी दिसेल त्याने "नेल्लु!" म्हणून ओरडायचं, सगळ्यांनी एका रांगेत यायचं, आणि दाण्यावर चाक घालायचं नाही. नेल्लु म्हणजे भात. हा एक शब्द आम्ही तमिळच ठेवला.

आता शर्यतीचं. दरवर्षी मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आमच्या भागात संघांची शर्यत होते. तंजावुराबाहेरून निघायचं, पाच नद्यांचे पाच पूल ओलांडून तिरुवैयारु गाठायचं, तिथून कावेरीच्या काठाकाठाने खेड्यांतून वळसा घालून परत. चौघांचा संघ, आणि वेळ धरतात ती चौथ्याची. तिघे वाऱ्यासारखे पोचले तरी उपयोग नाही. चौथ्याचं चाक रेषेवरून गेलं की घड्याळ थांबतं, आणि ते पावणेदोन तासांत गेलं नाही तर संघ मोजतच नाहीत. यादीत नावही येत नाही.

आमच्याकडे डोंगर नाहीत, पूल हेच आमचे घाट. आणि पुलावर मी हमखास मागे पडतो. पहिल्या वर्षी सतरा मिनिटं उशीर, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी पुन्हा ये रे माझ्या मागल्या, तेरा. तिन्ही वर्षं ते तिघे रेषेपलीकडे उभे राहून रस्त्याकडे डोळे लावलेले मी लांबून पाहिले आहेत. कोणी मला कधी बोललं नाही. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो.

गेल्या वर्षी आमच्या गावात बँकेत एक तरुण बदलून आला. अठ्ठाविशीचा, करंगळीने उचलता येईल अशी सायकल, आणि आमच्यात यायची फार इच्छा. चौथ्या शर्यतीच्या महिनाभर आधी सराव झाल्यावर आम्ही कॉफी पीत होतो. अण्णा पेल्यातली कॉफी डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, वरखाली ओतत माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहा, ह्या खेपेस आपण चौघे मोजले गेलों नाहीं, तर तुझे जागीं त्या बँकवाल्यांस घेतों. आधींच सांगून टाकलों. वाईट मानूं नको."

"घे की," मी म्हणालो. "मज काय त्याचें!"

आणि कॉफी तशीच टाकून घरी आलो. अण्णा शब्द फिरवत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. महिनाभर मी रात्रीचा भात सोडला आणि रोज पहाटे वेण्णार नदीच्या पुलावर दहा-दहा वेळा चढलो. बायको म्हणाली, "ह्या वयास जागा धरून काय करणार तुम्ही?" कचेरीत माझ्या खुर्चीवर उद्या दुसरा बसला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण रस्त्यावर मागून माझं "चार" आलं नाही तर तीन माणसं वेग कमी करतात. मला ती जागा हवी होती, सरळ सांगायचं तर जिवापाड हवी होती.

शर्यतीच्या दिवशी सगळं जमून आलं. वारा पाठीवर, आणि पाचही पुलांवर मी नर्सच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलो. "एक! दोन! तीन! चार!" एकदाही खंड नाही. तिरुवैयारु मागे टाकलं तेव्हा लाइनमनने मनगटावरचं घड्याळ बघून ओरडून सांगितलं, चार मिनिटं हाताशी आहेत. लाइनमन असं कधी सांगत नाही. मला गाणं म्हणावंसं वाटलं, पण तेवढा दम नव्हता.

मग एका खेड्यापाशी वळण आलं आणि पुढून अण्णाचा आवाज आला, "नेल्लु!"

आम्ही रांगेत आलो. पण रांगेत येऊन जायला वाटच नव्हती. शर्यतीसाठी पोलिसांनी सकाळी रस्ता बंद केला होता. बस येणार नाही, लॉरी येणार नाही, हे कळल्यावर गावाने शहाणपणा केला. एवढा मोकळा रस्ता पुन्हा कधी मिळायचा? त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत भात पसरून टाकलं होतं. चांगली दोनशे पावलं, सोनेरी सतरंजीसारखं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

आमच्या आधीचे संघ त्यावरून गेले होते. मधोमध चाकांची स्पष्ट वाट पडली होती, दाणे इकडे तिकडे उडाले होते. एक म्हातारा उकिडवा बसून हाताने ते पुन्हा गोळा करत होता. बायका झाडण्या घेऊन पोलिसाशी भांडत होत्या. एका बाजूला घरांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कालवा, आणि कालव्याला लागून हातभर रुंदीचा मातीचा बांध.

आम्ही ब्रेक दाबून उभे राहिलो. लाइनमन म्हणाला, "बांधावरून सायकली उचलून नेल्या तर पाच मिनिटं जातील." नर्स त्या चाकांच्या वाटेकडे बघत राहिली. ती वाट पडलेलीच होती. तिच्यावरून आणखी चार सायकली गेल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं.

अण्णा माझ्याकडे वळला. "जागा तुझी जायची आहे," तो म्हणाला. "तूं सांग."

मला त्याचा असा राग आला! तीस दिवस मी भात सोडला तो काय रस्त्यात भात आडवं यावं म्हणून? मनात म्हटलं, जातो सरळ, गेली उडत ती म्हातारी. एक पाय पेडलवर होता. म्हाताऱ्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाणे वेचायला लागला. चाकं जाणारच असं धरून चाललेला माणूस. माझ्या तळव्यांना बुटांत टोचायला लागलं, खोटं नाही सांगत.

"बांध," मी म्हणालो आणि बूट काढले.

बुटांच्या नाड्या बांधून गळ्यात अडकवल्या, सायकल खांद्यावर घेतली आणि बांधावर चढलो. बांध ओला होता. लाइनमन खांबावर माकडासारखा चढतो, पण बांधावर दोन पावलांत घसरला. अण्णाची एक तंगडी कालव्यात गेली. मी लहानपणी शेतावर आजोबांचं जेवण घेऊन अशाच बांधांवरून पळालो आहे. बोटं रोवायची, टाच उचलायची, खाली बघायचं नाही. पायांना सगळं आठवत होतं. मी भराभर पुढे निघालो, आणि ते तिघे माझ्या मागे, माझ्या पावलावर पाऊल टाकत. बांध कालव्याबरोबर वळला. वळण म्हणजे मोजणी, म्हणून मी सवयीने ओरडलो, "चार!"

मागून अण्णा म्हणाला, "अरे, पुढें तूं आहेस. एक म्हण."

मी आयुष्यात पहिल्यांदा "एक!" म्हटलं. मागून "दोन", "तीन" आणि शेवटी धापा टाकत अण्णाचं "चार" आलं. त्या चिखलात, सायकल खांद्यावर घेतलेली असताना, मला जेवढं ताठ वाटलं तेवढं नंतर कधी वाटलेलं नाही. बांध संपला तिथे उतरायच्या जागी म्हाताऱ्याने हद्दीचा दगड सरकवून आम्हाला वाट करून दिली.

पुढे आम्ही जीव तोडून सायकल मारली. चिखलाचे पाय तसेच बुटांत घातलेले. परतीच्या शेवटच्या पुलावर माझं आणि नर्सचं अंतर पडायला लागलं, तशी पुढून मोजणी सुरू झाली, वळण नसताना. "एक! दोन! तीन!" मी "चार" म्हणायचो, की लगेच पुन्हा "एक!" मला थांबायला सवडच दिली नाही. रेषेवरून ते तिघे गेले आणि त्यांच्या मागे दोन सायकलींच्या अंतरावर मी गेलो. इतक्या जवळून मी कधीच गेलो नव्हतो.

घड्याळवाल्या गृहस्थांनी आकडा वाचला. पावणेदोन तास आणि चाळीस सेकंद.

त्यांनी आमचा क्रमांक लिहिलेल्या ओळीवर काट मारली. आमच्या आधी आलेल्या संघातल्या कोणीतरी आमचे पाय बघून विचारलं, कालव्यात पडलात का? लाइनमन म्हणाला, "होय, चौघेही." खाणावळीत पोंगल खाताना अण्णाने जागेचा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही.

आठवडाभर त्याचा फोन आला नाही. "जाऊन विचारा की," बायको म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. शनिवारी तरीही सायकल धुतली, चेनला तेल घातलं, स्पोकमधला कालव्याचा चिखल काडीने काढला. विकायची झाली तरी स्वच्छ असावी, असं स्वतःला सांगितलं. रविवारी पहाटे पाचला आम्ही गावातल्या कालव्याच्या पुलाशी जमतो. त्या रविवारी मी गेलो नाही. जाग मात्र चारलाच आली होती. लुंगी गुंडाळून स्वयंपाकघरात बसून राहिलो.

सव्वापाचला दारापुढे ब्रेक वाजले.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

मग शांत. मी हललो नाही. बायकोने कॉफीच्या डिकॉक्शनचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "कोणासाठी थांबलेत ते? माझ्यासाठी का?"

मी तसाच दारापर्यंत गेलो आणि अख्ख्या गल्लीला जाग येईल असा ओरडलो, "चार!"

त्यावर अंधारातून आणखी एक आवाज आला, अडखळत, तमिळ वळणाचा, पण ठाम. "पांच!"

बँकेतला तरुण त्याची ती हलकी सायकल धरून नर्सच्या मागे उभा होता. दोघांच्या मधे एका सायकलीची जागा मोकळी होती. "त्यांस घेतों म्हणून सांगितलों होतों, घेतलों," अण्णा म्हणाला. "आतां कपडे कर, ऊन चढेल."

नंतर नर्सने सांगितलं, आदल्या संध्याकाळी अण्णाने त्या तरुणाला बसवून मराठी आकडा शिकवला होता. एकच, पाच. त्याने विचारलं, चारला काय म्हणतात, तर अण्णा म्हणाला, तो ज्याचा आहे त्याला येतो.