वाळूमामांची टेकडी

"वाळूमामांनी टेकडी शत्रूला विकली," अशी कुजबूज आमच्या गल्लीत बरेच दिवस होती. घरात नवा फ्रीज आला तो त्यातूनच म्हणे! टेकडी पिशवीत घालून दिली की टोपलीत, एवढंच ठरायचं बाकी होतं.

मामा लष्कराच्या जनरल स्टाफच्या कचेरीत होते. पूर्वी राजा उंचावर घोडा उभा करून सगळी लढाई स्वतः बघायचा. पुढे फौजा इतक्या फुगल्या की एका नजरेत मावेनात. तेव्हा लढाईचा बेत आधी खोलीत बसून आखणारे साहेब नेमले गेले, तोच हा जनरल स्टाफ. यांच्या बुटांना चिखल नाही, पण कोणी कुठल्या चिखलात उतरायचं ते हेच ठरवणार! त्यांच्यासाठी मामा भल्यामोठ्या टेबलावर ओल्या वाळूचा मुलूख रचत. चढ नजरेत भरावा म्हणून डोंगर मुद्दाम उंच करायचे, हा तिथला रिवाज.

थोरले साहेब टेबलावर वाकले की त्यांच्या बाहीने एका टेकडीचा माथा हमखास ढासळायचा.

"मामा, शत्रू परवडला, पण तुमची ही टेकडी नको!" एकदा साहेब बाही झटकत म्हणाले.

सगळे हसले. मामाही हसले.

पुढे पलटण खरोखरच त्या टेकडीवर चढली. चढ भलताच खडा निघाला आणि पलटणीने मार खाल्ला. मामांचा भाचा तिच्यात होता. तो एक पाय गमावून परतला.

तेव्हापासून मामांनी थोरल्या बहिणीचा उंबरा ओलांडला नाही. एरवी तिच्या हातच्या चहाशिवाय त्यांचा रविवार उजाडत नसे. शेवटी ताईच येऊन थडकली. आमची भिंत सामाईक, त्यामुळे कान टवकारावे लागले नाहीत.

"का रे, माझं घर परदेशात गेलं की काय? पोरगा रोज विचारतो, मामा का येत नाही."

"ताई, लोक म्हणतात..."

"लोकांना काय धंदा! तुला धड रद्दी विकता येत नाही, तू टेकडी कसली विकतोस?"

"विकली नाही मी."

"झालं तर मग. घाल चपला."

मामांनी चपला घातल्या. गप्प राहिले असते तर सुटले असते. पण दारातच थबकले.

"आधी ऐकून घे. मग न्यायचं का ते ठरव."

टेकडी कोणी विकली नव्हती. पडणारा माथा पुन्हापुन्हा रचायचा मामांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी ती बुटकी केली आणि कोणाला सांगितलं नाही. साहेबांना चढ सोपा वाटला, त्यांनी पलटण त्याच बाजूने पाठवली.