शैलजाकाकूंची घरपट्टी

शैलजाकाकू मुळात भित्र्या नाहीत हो. गुरुनाथकाका गेल्यावर या बाईनं साठी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकून गाडी थेट हायवेवर घातली. पण घरपट्टीचं पाकीट आलं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटात, घरांच्या किमती वाढत चालल्यात, त्याबरोबर टॅक्स वाढतो, आणि काकूंची पेन्शन आहे तिथंच.

"कादंबरी, या वर्षी भरेन गं. पण घर सोडायची वेळ आली तर?" असा फोन मला ठरलेला. मी शेजारीच राहते. त्या घरात काकांनी कढीपत्त्याची कुंडी दर थंडीत गॅरेजमध्ये ठेवून जगवली, ती काकू अजून जगवतात.

यंदा मतदानात एक प्रश्न आला: म्हाताऱ्या माणसांच्या राहत्या घराची घरपट्टी आहे तिथेच गोठवायची का? आमच्या गल्लीत निम्मी घरं आम्हा व्हिसावाल्यांची. टॅक्स भरतो, मत नाही. काकू मात्र इथल्या सिटिझन. मग काय, मी काकूंना गाडीत घातलं आणि मतदानाला नेलं. ठराव पास झाला! काकूंनी गल्लीभर बेसनाचे लाडू वाटले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही सवलतीचा अर्ज करायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, घर कोणाच्या नावावर?

"माय सन. सेम थिंग," काकू हसत म्हणाल्या.

सेम थिंग कसलं डोंबलाचं! सवलत मालकालाच, आणि तोही त्याच घरात राहत असेल तर. ऋषी राहतो तिकडे दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला. काका गेल्यावर काकूंनी घर त्याच्या नावावर करून टाकलं होतं. का, तर आपल्यात तसंच करतात, मागे भांडणं नकोत. अहो, एकुलता एक मुलगा, भांडणार कोणाशी? मी इतकी भडकले होते, पण काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणून आधी त्यांना गाडीत बसवलं.

"साधी गोष्ट आहे काकू," मी गाडीत म्हटलं, "ऋषीला सांगा, घर परत माझ्या नावावर कर."

"अगं, त्याला काय वाटेल?" शेवटी मीच फोन लावून दिला, स्पीकरवर.

काकूंनी कसंबसं सांगितलं.

"आई, डोंट यू ट्रस्ट मी?"

"आहे रे बाबा, विश्वास आहे. मी आपलं सहज विचारलं."

"गुड. आणि त्या घराचं आपण समरमध्ये बोलू, ओके? इट्स टू बिग फॉर यू."

त्यांनी फोन ठेवला. पर्स घट्ट धरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "विकायचं ठरवलं, तर आधी मला सांगेल ना गं तो?"