जीपची जाळी कुठल्या माशासाठी

आमच्या जीपच्या दरवाज्यांना आतून कप्पे नाहीत, जाळ्या आहेत. कंपनीतून तशाच आल्या. काळ्या, ओढल्या की ताणल्या जाणाऱ्या. गाडी घरात आली तेव्हाच मी मुलाला विचारलेलं, कप्पा का नाही? तो बोलला, "बाबा, हिचे दरवाजे काढता येतात. म्हणून दरवाजा हलका ठेवतात." मी म्हटलं, काढायचाच आहे तर बसवला कशाला? तो हसला.

ही गाडी चिखलात आणि डोंगरात जायची. रविवारी हा आणि ह्याचे दोस्त मुद्दाम चिखल शोधत फिरतात. माझ्या बापाची हयात मिठागरात गेली, माझी अर्धी खाजणाच्या शेतीत. त्या चिखलातून पाय बाहेर काढायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या. मग जमिनी गेल्या, पैसा आला, आणि त्या पैशातून पोरानं परत चिखलात जायची गाडी आणली. असो. रविवार त्याचा, बाकीचे दिवस गाडी माझी. तो कामाला दुसऱ्या गाडीनं जातो.

डोंबिवलीच्या घरापासून आंबिवलीच्या पलीकडे आमचा एक तुकडा शिल्लक आहे. भेंडी, वाल, थोडी मिरची. सकाळी जीप काढायची, तिथं जायचं, पाणी सोडायचं, उन्हं चढायच्या आत परत. आम्ही दोघं जायचो. मागच्या थंडीत बायको गेली. तिच्या दिवसांतही माझा वाल सुकत होता. तेरावं झालं आणि मी चौदाव्याला गाडी काढली. लोक बोलले, ह्याला काही वाटतच नाही. वाटून काय करू? घरात बसलो असतो तर भिंत बघत बसलो असतो.

एकटा जायला लागलो आणि ती जाळी छळायला लागली. पाण्याची बाटली माझ्या दरवाज्याच्या जाळीत ठेवली की पहिल्याच खड्ड्यात टुणकन बाहेर. चष्म्याचं घर आडवं होऊन लोंबायचं. तंबाखूची डबी तर भोकातून सरळ पायाशी. आधी हे कधी होत नव्हतं. मला वाटलं, जाळी जुनी झाली.

मग एका सकाळी आंबिवली स्टेशनच्या अलीकडे मी एका उसाच्या रसाच्या गाड्याला घासलो. बाटली पडली, घरंगळत ब्रेकखाली गेली, मी वाकलो आणि जीपची डावी बाजू कर्रर करत त्या गाड्याला घासत गेली. रसवाला लिंबं आणायला पलीकडे गेलेला, म्हणून वाचला. त्याच्या गाड्याचं चाक वाकलं, माझ्या जीपला पुढून मागपर्यंत ओरखडा. तो धावत आला. मी म्हटलं आता शिव्या घालणार. तर बोलतो कसा, "आजोबा, रस पाहिजे होता तर हाक मारायची ना!" चाक मी करून दिलं. रस पण प्यायलो. ग्लास मी दोन्ही हातांनी धरला, म्हणून त्यानं अर्धाच भरला.

संध्याकाळी मुलगा जीपभोवती एक फेरी फिरला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलला, "बाबा, चावी माझ्याकडे राहू दे."

"आणि वाडीला कसा जाऊ?"

"रिक्षा करा."

"पाण्याचा पंप, खताची गोणी, रिक्षात?"

"मग तो तुकडा देऊन टाकू. बिल्डर विचारतोच आहे."

हे त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की मला कळलं, आधीच ठरलेलं आहे. चावी गेली की तुकडा जाणार. आणि तुकडा गेला की मी सकाळी उठून जाणार कुठं? गार्डनच्या बाकड्यावर? तिथं आमच्या वयाचे बसतात, एकमेकांची शुगर मोजतात.

मी म्हटलं, "चूक माझी नाही, जाळीची आहे. जाळी बदलतो."

पोरगा वाईट नाही. बोलला, "बदला. मग मी बाजूला बसतो, कल्याणपर्यंत एक फेरी मारू. काही पडलं नाही तर चावी तुमची."

झालं, मला काम मिळालं. दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीत बसून मी त्या जाळीत हात घालत बसलो. आमच्याकडे खाडीत जाळं टाकतात, तर त्याचं भोक मासा बघून ठेवतात. कोलंबीचं वेगळं, बोय माशाचं वेगळं. बारका मासा निघून जावा, मोठा अडकावा, हे भोक ठेवणाऱ्याला माहीत असतं. मग ह्या जाळीचं भोक त्या कंपनीवाल्यानं कुठला मासा बघून ठेवलं? डबी राहत नाही, बाटली उडते, मोबाईल तिरपा होऊन अर्धा बाहेर येतो. संध्याकाळी मुलाला विचारलं. तो बोलला, "बाबा, त्यात नकाशा ठेवायचा असतो."

"कसला नकाशा?"

"रस्त्याचा. बाहेरच्या देशात ठेवायचे लोक. कागदाचा."

म्हणजे मासाच इथला नाही. मी सुनेला सांगितलं, तर ती पीठ मळता मळता हसली. बोलली, "मग बाबा, तुम्ही नकाशाच ठेवा. आंबिवलीला जाताना चुकायला नको."

जाळी काढायला बसलो. कडेनं स्क्रू आहेत, पण त्यांचं तोंड चांदणीसारखं, आपला पेचकस चालत नाही. डिकीत मुलाच्या हत्यारांत त्या तोंडाचा पाना सापडला. माझ्या बाजूची जाळी काढली, ती पार म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यासारखी लोंबलेली. मग पलीकडे गेलो, बायकोच्या बाजूचा दरवाजा उघडला.

तिच्या बाजूची जाळी कोरी होती. बोटानं ताणली तर तडक मागे बसली. आत धूळसुद्धा कडेलाच. इतकी वर्षं ती त्या दरवाज्याशी बसली आणि जाळीत एक सुपारीचं खांड ठेवलं नाही. मग बाटली कुठं असायची? पाना हातात तसाच धरून मी आठवायला लागलो. बाटली तिच्या मांडीवर. माझा चष्मा तिच्या मांडीवर. भाकरीचा डबा, विळा फडक्यात गुंडाळून, तिची मिश्री, माझ्या गोळ्या, सगळं एका पिशवीत आणि पिशवी मांडीवर, दोन्ही हात वरून. मी नुसता हात पुढे करायचो, मागायचो पण नाही. हवं ते हातात यायचं. जाळी काय जुनी झाली नव्हती, ह्या काही महिन्यांत मीच कोंबून लोंबवली होती. ती पहिल्या दिवसापासूनच निकामी होती. आम्हाला तिची गरजच पडली नव्हती.

म्हटलं, हीच कोरी जाळी माझ्या बाजूला लावू. बसेना. डाव्या पायाची चप्पल उजव्यात घालावी तसं. एक कोपरा बसवला की दुसरा वर उठायचा. बराच वेळ झटापट केली, मग सोडून दिलं.

रिक्षा करून कल्याणला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. पिशवीत बाटली, डबी, चष्मा, मोबाईल आणि विळा घेऊन गेलो. दुकानदार बोलला, "काका, कंपनीची परत घेऊ नका. तीच परत लोंबणार." त्यानं दुसऱ्या दोन काढल्या. एक कापडी, चेन लावलेली. गाडी चालवता चालवता चेन कोण उघडणार? दुसरी जाड पट्ट्यांची, विणलेली, तळाला घट्ट कापड शिवलेलं. मी माझं सामान काउंटरवर मांडलं आणि एक एक तिच्यात भरलं. मग जाळी उचलून गदागदा हलवली. मग उलटी केली.

"काका, गाडी उलटी करून चालवता का?"

"तुम्हीच लोक सांगता ना, ही गाडी डोंगरावर चढते?"

गिऱ्हाईकं हसली. त्याला पण हसू आलं. विळा बघून मात्र तो थोडा मागे सरकला. बोलला, "बाकी सगळं ठेवा, हे नका ठेवू. ब्रेक मारला तर गुडघ्यात जाईल." ते खरं होतं. विळा तेव्हापासून मागच्या सीटखाली.

जोडी होती, म्हणून दोन्ही दरवाज्यांना बसवल्या. बसवताना एक गोष्ट कळली. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. सगळे अर्धे फिरवायचे, जाळी कोपऱ्यांत नीट बसली बघायचं, मग एकेक घट्ट. मी पहिला जोरात आवळला तर आतलं प्लास्टिक चुर्र बोललं. पुढचे सांभाळून लावले. जुनी लोंबलेली फेकली. कोरी सुनेनं स्वयंपाकघरात टांगली, त्यात लसूण ठेवते. लसणाला बरी आहे. मासा सापडला एकदाचा.

मग फेरी. मुलगा डावीकडे बसला. मी बाटली भरून जाळीत ठेवली, डबी ठेवली, चष्म्याचं घर ठेवलं. खड्डे तर मी मुद्दाम धरले. मुलगा एका हातानं वरचा दांडा पकडून, दुसऱ्या हातात मोबाईल. काही पडलं नाही. मी आत बोटं घालून पाहिलं, सगळं जागच्या जागी. इतकं बरं वाटलं की गाणं म्हणावंसं वाटलं.

कल्याणच्या पुलाखालून वळलो तेव्हा मुलगा ओरडला, "बाबा! डावीकडे!"

मी ब्रेक दाबला. पायाखाली काही नव्हतं, ब्रेक पूर्ण लागला. जीपच्या नाकाला चिकटून एक रिक्षा गेली, आतली बाई तोंडाला पदर लावून बघत होती.

मुलगा रिक्षावाल्याला शिव्या देत होता. "असेच घुसतात साले. तुमची काही चूक नाही, बाबा. ब्रेक मस्त मारला." घरी आल्यावर त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली. "पास झालात."

मी चावी घेतली आणि अंगणात उभा राहिलो. रिक्षा घुसली नव्हती. ती बराच वेळ तिथं असणार. माझ्यासाठी ती नव्हतीच. आणि काही पडलं पण नव्हतं की मी वाकलो होतो असं बोलता यावं. मग मला तो उसाचा गाडा आठवला. पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. आधी काय झालं? बाटली पडली आणि मग कर्रर, की कर्रर झालं, गाडी हिसकली आणि मग बाटली पडली? मी सगळ्यांना पहिलं सांगितलेलं. मी स्वतःलाही पहिलंच सांगितलेलं. पण वाकताना आवाज कानात होता. तो आधीचा होता.

समोरच्या बिल्डिंगचं नाव वर मोठ्या अक्षरांत आहे. डावा डोळा हातानं झाकला, नाव दिसलं. उजवा झाकला. धूर. कोणीतरी चूल पेटवून ओली लाकडं घातल्यासारखा. परत करून पाहिलं. मग पत्र्याकडे बघितलं, पेरूकडे बघितलं, सुनेच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघितलं. गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. एका डोळ्याला पेरू, दुसऱ्याला हिरवा डाग. हे कधीपासून असेल? काय माहीत. गाडीत तर डावीकडचं मला रोज कळायचं. बायको सांगायची. "दम धर, रिक्षा हाय." "गेली, आथा जा." "म्हैस हाय, म्हैस." मी बोलायचो, "मना कलतं, नको सांगू." तिचं बोलणं मी ऐकत नाही असं मला वाटायचं, पण पाय ऐकत होता.

आता चावी माझ्या मुठीत होती आणि हे फक्त मला माहीत होतं. मुलगा आत टीव्ही लावून बसलेला. गप्प बसलो असतो तर उद्या सकाळी वाडीला गेलो असतो. परवाही. रसवाला प्रत्येक वेळी लिंबं आणायला गेलेला नसतो.

आत जाऊन चावी त्याच्यासमोर ठेवली.

"आता काय झालं? जाळी बरोबर बसलीय ना?"

"जाळी चांगली बसलीय. डोळा नाही बसला. डावा. मोतीबिंदू असेल, दाखवू. तोवर तू चालव."

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

मी म्हटलं, "पण एक. डोळा होईपर्यंत वाल वाळला नाही पाहिजे. सकाळी कामाला जायच्या आधी मला सोडायचं. आणि त्या बिल्डरला सांग, म्हातारा अजून येतो."

"बरं," बोलला. "सहाला निघू. उशीर केलात तर मी थांबणार नाही."

सकाळी मी डावीकडे चढलो. ह्या गाडीत मी डावीकडे कधी बसलो नव्हतो. चढायला पण वेगळं, दांडा उलट्या हाताला येतो. आंबिवलीचा तो रस्ता माझा तोंडपाठ, पण उजवीच बाजू पाठ. डावीकडचं नीट दिसत नव्हतं हे खरं, पण ह्या बाजूला माझी मान कधी वळलीच नव्हती. विहाराची निळी कमान. मग एक विहीर, तिच्या काठावर टमाट्याच्या पेट्या. भंगारवाल्याच्या दाराशी बांधलेला पांढरा घोडा. मी तिरपा होऊन उजव्या डोळ्यानं, मान मागे वळेपर्यंत, त्याच्याकडे बघत राहिलो. भंगारात घोडा कोण देतो?

"हा कधीपासून आहे इथं?"

"वरातीचा आहे. कायम असतो, बाबा," मुलगा बोलला. त्याचं लक्ष रस्त्यावर होतं.

पुढे गल्लीच्या तोंडाशी काहीतरी पिवळं हललं. मी ओरडलो, "रिक्षा हाय!"

"दिसतेय मला."

"दिसत असेल. तरी मी सांगणार."

त्यानं गाडी हळू केली. रिक्षा जाऊ दिली, आणि मग माझ्याकडे बघितलं, पुढे घेऊ का म्हणून.