आकानिसीची एकटीची खोली

आकानिसी माझी शेजारीण, आमच्या बेटावरच्या लेवुका गावातली. उभा जन्म शाळेत पोरांना पाढे शिकवले, दिरांचे संसार मार्गी लावले, आणि एवढ्या वर्षांत ही बाई एक रात्र एकटी झोपली नसेल. आमच्याकडे मढ्यालाही एकटं ठेवत नाहीत, तिथे जित्या माणसाची काय कथा. म्हणून ती बोटीने राजधानीला, सुवाला जाऊन समुद्राकाठच्या त्या जुन्या पांढऱ्या हॉटेलात, जिथे पूर्वी राण्या-बिण्या उतरायच्या, तिथे एकटी राहून आली हे कळलं तेव्हा मला आधी रागच आला. मग तिने सगळं सांगितलं.

तिच्या छातीत गाठ होती. तुकडा तपासायला दिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुवाच्या इस्पितळात निकाल कळणार होता. घरी कुणाला पत्ता नव्हता. सांगितलं असतं तर चर्चच्या बायका उशाशी बसायला चटया घेऊन हजर झाल्या असत्या आणि स्तोत्रं म्हणून जिवंतपणीच तिला पोचवून मोकळ्या झाल्या असत्या. तिला निकालाआधी एकदा पोटभर रडायचं होतं, बस्स. सुवात थोरली बहीण लोसालिनी, भाचे, सुना, गल्लोगल्ली नातलग. जिथे तिचं कुणीच नाही असं छप्पर त्या हॉटेलाचं तेवढंच. पण बहिणीच्या गावात येऊन बहिणीकडे न उतरणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. लोसालिनीला कळलं तर ती जन्मभर बोलणार नाही, ही धास्ती आकानिसीला गाठीइतकीच होती.

खोलीत पलंग एवढा मोठा, की चादरीला सुरकुती पडेल म्हणून ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. रडू येईना. वर पंखा फिरत होता आणि हिचे कान दाराकडे. दारावर टकटक झाली की वाटे, आली लोसालिनी. वेटरने आपल्या रिवाजाप्रमाणे कुठल्या गावच्या म्हणून विचारलं, तर नातं निघेल या भीतीने ही म्हणाली, ऑस्ट्रेलियाची. त्याने तिच्या आमच्याकडच्या फुलाफुलांच्या पायघोळ झग्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी मान डोलावली.

संध्याकाळी ती व्हरांड्यात जेवायला बसली. पानात नारळाच्या दुधातला मासा होता. समोरच लाटा अडवायला बांधलेली भिंत, तिच्या कडेने माणसं फिरत होती. घास उचलला आणि एक बाई जाताना दिसली. आकानिसीच्या तोंडून, मास्तरणीच्या खणखणीत आवाजात, आपसूक निघून गेलं, "या हो, जेवायला या!"

जेवणाऱ्याने वाटसरूला हाक मारायची आणि वाटसरूने जेवलेय म्हणायचं, ही रीत आमच्या अंगात भिनलेली. आजूबाजूच्या गोऱ्या पाहुण्यांचे काटे-चमचे थांबले. बाई वळली. लोसालिनीच्या चर्चमधली वासिती निघाली. "जेवलेय गं," म्हणून ती हसली, आणि मग तिने निरखून पाहिलं.

वासितीकडून खबर पोचायला कितीसा वेळ! दिवेलागणीला लोसालिनी खोलीच्या दारात उभी. तिने पलंग पाहिला, पंखा पाहिला, पण बसली नाही.

"माझ्या घरी निजायच्या चटया संपल्या होत्या का गं?"

आकानिसीने थाप शोधली, एकही सुचली नाही. "गाठ आहे, ताई. छातीत. उद्या सांगणारेत."

लोसालिनी खाली गालिच्यावर बसली. मग म्हणाली, "वाटेने जाणारीला मासा खायला बोलावतेस. आणि असल्या वेळी मला नाही?"

तेव्हा कुठे आकानिसीला रडू फुटलं. ज्यासाठी खोली घेतली ते रडणं बहीण आल्यावर आलं. लोसालिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मधूनमधून तिला शिव्या देत राहिली. पलंग तसाच राहिला, दोघी गालिच्यावर झोपल्या.

सकाळी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि हळू आवाजात सांगितलं की गाठ चांगली नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल, पुढच्या आठवड्यात दाखल व्हा. लोसालिनीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली आणि विचारलं, "आम्ही किती वाजता यायचं?"