पाठीवर पिल्लू घेतलेलं विमान

चांगो वेखंडे याच्या पडवीत माणूस मान वर करूनच शिरतो. वाशांना तंगूस बांधून त्याने तिथे विमानं टांगली आहेत. मासे धरायच्या गरीला असतो तोच हा नायलॉनचा बारीक दोरा. लांबून तो दिसत नाही, त्यामुळे विमानं खरीच अधांतरी असल्यासारखी वाटतात. शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि चांगोच्या घरासमोर माझी पिठाची गिरणी. एकेक विमान वर चढताना मी पाहिलेलं आहे. लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा जमेल तसं सांगतो.

चांगो मुरबाडला एका कारखान्यात प्लास्टिकच्या मशीनवर होता. साच्यात वितळलेलं प्लास्टिक भरायचं, थंड झालं की बादली किंवा खुर्ची बाहेर काढायची आणि तिला चिकटून आलेल्या काड्या तोडून टाकायच्या. या काड्यांना तिथे रनर म्हणतात. साच्यात माल पोचतो त्या वाटांमध्ये उरलेलं ते प्लास्टिक. ते पुन्हा दळून वापरायचं.

एकदा चष्मा करायला तो कल्याणला गेला होता. तिथे एका खेळण्यांच्या दुकानात त्याला उघडं खोकं दिसलं. वर विमानाचं चित्र, पण आत विमान नव्हतंच. करड्या चौकटी होत्या आणि त्यांना पंख, चाकं, वैमानिकाची खुर्ची असं सगळं सुटंसुटं चिकटलेलं होतं.

"तात्या, आमी ज्या काड्या तोडून टाकतो, त्यांच्यासकट माल खोक्यात भरलेला," तो मला सांगत होता. "मला वाटलं, कामगार घाईत निघून गेला."

दुकानदाराला त्याने साचा कुठे करतात, तो कोण कापतं, असं विचारून भंडावलं. शेवटी खोकं घेऊन आला, पण ते विमान करायला नव्हे. चण्याच्या सालीएवढ्या भागात प्लास्टिक शिरलं कुठून, हे त्याला बघायचं होतं. भिंग लावून आठवडाभर तो नुसत्या त्या चौकटी न्याहाळत बसला. मग कधीतरी नेलकटरने पहिला भाग तोडला. तो तोडला म्हणून दुसरा.

नोकरी संपल्यावर हेच त्याचं काम झालं. कल्याणला नोकरी करणारी त्याची मुलगी वैष्णवी मोबाइलवरून अशा सुट्या भागांची खोकी, म्हणजे किट, मागवून देते. विमानाचे दोन अर्धे भाग चिकटवले की तो त्यांना कपड्यांचे चिमटे लावतो, सांध्यातल्या फटीत लांबी भरतो, पॉलिश पेपरने घासतो, आणि रंग दिला की सुपात ठेवून वर टोपली पालथी घालतो, धूळ बसू नये म्हणून. त्याची बायको जना सूप शोधायला आली की आधी टोपली उचलून बघते. पूर्ण झालेलं विमान मात्र तो कधीच जमिनीवर ठेवत नसे. जमिनीवर ठेवलं की ते खेळणं होतं, असं त्याचं म्हणणं.

एका बाजाराच्या दिवशी राही आगिवले माझ्या गिरणीवर नाचणी घेऊन आली. डोळखांबच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यात ती राहते. सत्तरीच्या आसपास असेल. उन्हाळ्यात करवंदं, पावसाच्या तोंडाला शेवळांची रानभाजी घेऊन शहापूरला जाते आणि परतताना दळण करून नेते. त्या दिवशी लाइट गेली होती. वाट बघत बसण्यापेक्षा ती समोर चांगोच्या पडवीत गेली. मीही मागोमाग गेलो.

वर बघत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग म्हणाली, "माझं इमान ह्यात नाय."

चांगोने विचारलं, तुझं म्हणजे कुठलं? तेव्हा तिने सांगितलं. लहान मुलगी होती तेव्हा धाकट्या भावाबरोबर, मंगळ्याबरोबर, ती डोंगरावर करवंदं काढत होती. मोठा आवाज आला आणि दरीतून एक विमान गेलं. त्याला दोन शेपट्या होत्या. आणि पाठीवर त्याने आपलं पिल्लू घेतलं होतं.

ती हसत नव्हती, म्हणून आम्हीही हसलो नाही. पण तेव्हा तिने घरी जाऊन सांगितलं, तर सगळे हसले होते. मंगळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी करवंदाच्या जाळीत डोकं घालून होतो, मला काही दिसलं नाही. तेव्हापासून पाड्यात उशिरा येणाऱ्याला विचारतात, राहीच्या इमानातून आलास काय? सगळ्यांत मोठ्याने मंगळ्याच विचारतो. एवढ्यावर राहिलं असतं तर तिने सोसलं असतं. पण भांडण निघालं, कोणी काय पाहिलं असा प्रश्न आला, की राहीची साक्ष कोणी धरत नाही. घरातली सूनसुद्धा तिने काही सांगितलं की आधी दुसऱ्याला विचारून घेते.

"मरायच्या आधी ते मंगळ्याला दावायचंय," ती म्हणाली. "तुझ्याकडं असंल असं वाटलं."

ती गेली आणि चांगो त्या विमानाच्या मागे लागला. पुढच्या बाजाराला त्याने तिच्यासमोर मोबाइल धरला. दोन शेपट्यांचं एक लहान विमान दाखवलं, तर तिने नाही म्हणून मान हलवली, तिच्या विमानाला दोन्हीकडे फिरणारे पंखे होते. मग पॅकेट नावाचं एक जुनं मालवाहू विमान निघालं. आपल्या हवाई दलातही ते होतं. दोन पंखे, मागे दोन लांब दांड्या, त्या शेवटाला आडव्या पट्टीने जोडलेल्या. चित्र समोरून काढलेलं होतं. राही म्हणाली, असंल, पण नक्की नाय.

चांगोने त्याचं किट मागवलं. ते करायला त्याला पावसाळा पुरला. त्या मागच्या दोन दांड्या सरळ बसेनात. एक बसली की दुसरी झुके. शेवटी त्याने बांबूच्या कांबीची चौकट करून त्यात त्या बांधून वाळवल्या. दसऱ्याच्या सुमाराला विमान मधल्या वाशाला टांगलं आणि राहीला निरोप धाडला.

ती आली. खाली उभं राहून खूप वेळ वर बघत राहिली.

"नाय," ती म्हणाली.

चांगोचा चेहरा मला बघवेना. तो तिला एकेक दाखवू लागला, ह्या शेपट्या, हे पंखे. ती म्हणाली, सगळं खरं, पण हे ते नव्हे. मग तो थोडा चिडला. पिल्लूबिल्लू ढगाची सावली असंल, असं काहीतरी पुटपुटला. राहीने पदर सारखा केला आणि ती निघाली. पायरीवर पोचली तेव्हा त्याने विचारलं, आणि हे आधीच कसं विचारलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

"बाय, तू उभी कुठं व्हतीस तवा?"

"कड्यावर. करवंदं कुठं असतात?"

"आणि इमान?"

"खाली दरीत. पयल्यापासून तेच सांगतेय की रे."

खरंच, ती पहिल्यापासून दरीतून गेलं म्हणत होती. विमान म्हटल्यावर आमच्या माना आपोआप वर गेल्या होत्या. तिच्या पाड्यातल्या माणसांनी तर दरीतून जाणारी घारही वरून पाहिलेली असते, पण विमानाबाबत त्यांचंही तेच झालं असावं.

चांगोने तंगूस कापला. विमान अंगणात सारवलेल्या जमिनीवर ठेवलं आणि राहीला ओट्यावर उभं केलं. तिने खाली वाकून पाहिलं.

"आता आलं," ती म्हणाली. "पण पाठ मोकळी हाय ह्याची."

आता चांगो हेच विमान वरून कसं दिसतं ते शोधू लागला. वैष्णवीलाही कामाला लावलं. तिने एक जुना, धुरकट फोटो पाठवला. आपल्या हवाई दलाच्या पॅकेटच्या पाठीवर मधोमध एक लांबट नळकांडं बसवलेलं दिसत होतं. ते जादा जेट इंजिन होतं, डोंगराळ मुलखात उंच चढायला जोर मिळावा म्हणून बसवलेलं. परदेशी किटमध्ये ते कुठून असणार? चांगो फोटो घेऊन रस्ता ओलांडून धावत गिरणीत आला. पट्टा चालू होता, तो काय बोलतोय ते मला ऐकू येईना. नुसतं पाठीवर हात लावून दाखवत होता.

दुसऱ्या एका विमानाच्या पंखाखालची तेलाची टाकी उरली होती. ती तासून त्याने पाठीवर चिकटवली. फोटो मागून घेतलेला होता, त्यामुळे पुढची बाजू त्याने अंदाजाने गोल, बंद केली.

या वेळी राही ओट्यावर चढलीच नाही. जमिनीवर ठेवलेलं विमान तिने पडवीच्या दारातूनच पाहिलं आणि ते आपल्या बांबूच्या पाटीत ठेवायला सांगितलं. चांगोने आजवर एकही विमान घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तरी त्याने ते दिलं, आणि चपला घालून तिच्याबरोबर निघालाही. मी गिरणी बंद केली. एसटीत तिने पाटी मांडीवर घेतली होती आणि वर फडकं घालायला ती तयार नव्हती. कंडक्टरने विचारलं, ह्याचं तिकीट काढायचं का? ती म्हणाली, "ह्याला तुझी गाडी लागत नाय."

पाड्यात पोचलो तेव्हा मंगळ्या अंगणात बांबूच्या कांबी सोलत होता. आम्हाला बघून तीन-चार माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, राहीचं इमान उतरलं. राहीने ते मंगळ्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं आणि बाजूला झाली.

मंगळ्याने सुरी खाली ठेवली. उभा राहिला. वाकून बघितलं, पुन्हा सरळ झाला. चांगो त्याला ते जादा इंजिन समजावून सांगू लागला, पण मंगळ्याचं लक्ष नव्हतं.

"पिल्लाचं तोंड बुजवलंस," तो चांगोला म्हणाला. "तवा उघडं व्हतं."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. जमलेल्यांच्याही आलं. राही त्याच्याकडे बघत राहिली.

"सगळी हसली," मंगळ्या म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "मी ल्हान व्हतो, मंग मीबी हसलो."

"सगळ्यांत मोठ्यानं," राही म्हणाली.

मला वाटलं, आता ती त्याला बरंच काही सुनावेल. एवढ्या वर्षांचं साठलेलं असणार. पण तिने चांगोला विचारलं, तोंड उघडता येईल काय. चांगो म्हणाला, दाभण तापवून मिळालं तर येईल. राहीची सून आत जाऊन चुलीत दाभण घालून बसली. या वेळी तिने दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

मंगळ्याने दोन्ही हातांनी विमान धरलं. चांगोने दाभणाचं लाल टोक पिल्लाच्या नाकावर टेकवलं, तसा जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. राही वरून बघत उभी होती. अजून थोडं मोठं, ती म्हणाली. मंगळ्या म्हणाला, बास, एवढंच व्हतं. तिने परत वाकून बघितलं आणि मान डोलावली, एवढंच होतं.

ते विमान आता पाड्यातच आहे, राहीच्या घरात, जमिनीवर.