खोडलेलं दुसरं लायसन्स

करडी गावचा माझा मित्र आणि मी मिळून आमच्याकडच्या, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतल्या शब्दांचा कोश संगणकावर तयार करत होतो. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायचो, तो तिथलीच लॅब सांभाळायचा. कोश सगळ्यांना फुकट मिळावा आणि त्याचा कोडही, म्हणजे तो चालवणाऱ्या संगणकी ओळीही, सगळ्यांना उघड्या असाव्यात, हे पहिल्यापासून ठरलेलं. शब्द शोधून देणारा भाग मात्र परदेशातल्या एका अनोळखी माणसाच्या कोडमधून घेतला. त्याने तो दोन लायसन्सांखाली, म्हणजे वापरायच्या दोन परवान्यांखाली, दिला होता. घेणाऱ्याने हवं ते निवडावं. एकाची अट कडक होती, बदललेला कोड पुढे देताना त्याच अटीवर उघडा ठेवायचा. दुसऱ्याची अट एवढीच, की लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर पुसायचा नाही.

आम्ही कडक लायसन्स घेतलं. फाइलच्या माथ्यावर लेखकाचं नाव ठेवून दुसऱ्या लायसन्सचा मजकूर मी खोडला.

"राहू दे ना," मित्र म्हणाला. "दोन्ही राहिले तं आपलं काय बिघडते?"

"लोक गोंधळतात," मी म्हणालो. नियमाने मी चुकत नव्हतो; एक लायसन्स निवडलं की दुसऱ्याची अट लागत नव्हती. मग महिनाभर खपून त्याने त्या भागात एक सोय केली: चुकीचा लिहिलेला शब्दही सापडायला लागला.

पुढच्या वर्षी काविळीनं तो गेला.

काही महिन्यांनी मूळ लेखकाचा ईमेल आला. ती सोय त्याला आपल्या कोडमध्ये घ्यायची होती. पण त्याचा कोड दोन्ही लायसन्सांखाली जायचा, आमचे बदल एकाखालीच होते, म्हणून आमच्या परवानगीशिवाय त्याला ते घेता येत नव्हते. 'तुम्हाला तसा हक्क होता, पण वाईट वाटलं,' असं त्याने लिहिलं होतं. माझ्या ओळींची परवानगी मी त्याच दिवशी दिली. मित्राच्या ओळींचा हक्क आता त्याच्या बायकोकडे होता.

मी करडीला गेलो. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं.

"त्यायनं लिहिलेलं तुम्ही वापरूनच राहिले ना, भाऊजी? मंग मले कायले विचारता?"

"आता ते तुमचं हाये, वहिनी. अन् दुसरं लायसन्स मी खोडलं. तो राहू दे म्हणत होता."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "भांडण झालं होतं काय तुमचं?"

"नाही. मीच ऐकलं नाही."

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "त्यायचं नाव कोठी हाये त्यात?"

मी मोबाइलवर दाखवलं. इंग्रजी अक्षरं त्यांनी एकेक करून लावली.

"मराठीत नाही लिहता येत?"

"येते."

"तसं लिहा. मंग घ्या सही."

खोडलेला मजकूर मी परत माथ्यावर घातला आणि खाली मित्राचं नाव इंग्रजीऐवजी मराठीत लिहिलं. लेखकाने ते तसंच ठेवलं. ही अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, नावाचा उच्चार कळवा, असं त्याने लिहिलं. आधीच्या इंग्रजी स्पेलिंगवरून त्याला खरा उच्चार कळला नसता, म्हणून मी नाव दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तो गेल्यापासून मी ते उच्चारलं नव्हतं.