आम्ही न काढलेला अंक

साप्ताहिक माझ्या नावावर आहे हे मला वर्षातून एकदाच आठवायचं, वार्षिक विवरणपत्र भरताना. पेपर सासऱ्यांचा. ते गेल्यावर तो नवऱ्याकडे यायला हवा होता, पण नवरा अनुदानित शाळेत शिक्षक, त्याला स्वतःच्या नावाने पेपर काढता येत नाही. म्हणून मालक, प्रकाशक आणि संपादक मी. वऱ्हाडात असे बरेच पेपर बायकांच्या नावावर आहेत आणि त्यातल्या बहुतेकींनी त्यात एक ओळही लिहिलेली नाही. मी निदान प्रुफं तपासायचे.

आमचा पेपर फाईलपुरता निघायचा. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नोंदणी टिकवायची तर अंक नियमित निघाला पाहिजे आणि त्याची प्रत सरकारकडे गेली पाहिजे. तो लोकांनी वाचला पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून दर आठवड्याला पंधरा प्रती छापायच्या, काही सरकारी कचेरीत द्यायच्या, एखाददुसरी छापखान्यात राहते, उरलेल्या घरच्या कपाटात. विवरणपत्रात खप मात्र अडीच हजार. त्या आकड्यावर जाहिराती मिळतात. सासऱ्यांच्या काळी अंक पानठेल्यावर टांगलेला असायचा. आता अकोल्यात आमच्या गल्लीतल्या लोकांनाही तो अजून निघतो हे माहीत नव्हतं.

छापखाना अमरावतीकडे, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत. त्याचे मालक सासऱ्यांच्या शिकवणीतले जुने विद्यार्थी. त्यांनी शहरातली मशीन तिकडे हलवली तेव्हा मला सगळं नव्याने कळवावं लागलं, कारण पेपर कुठे छापतात हाही नोंदणीचा भाग असतो. ज्या छापखान्याचं नाव दिलंय तिथेच छापायचा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ती ओळ असते, कोणी, कुठे छापून, कुठून प्रसिद्ध केला. पेपरातलं बाकी काहीही खोटं निघालं तरी चालतं, ती ओळ खरी धरली जाते.

महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवसांत एका सकाळी नवरा दाराखालून सरकवलेला कागद घेऊन आत आला. तोंडात ब्रश होता. तो बाहेर काढून म्हणाला, "आपला पेपर." उलटून पाहिलं आणि म्हणाला, "छपाई आपल्यापेक्षा बरी आहे."

नाव आमचंच. सासऱ्यांनी ते स्वतःच्या हाताने काढलं होतं, थोडं डावीकडे कललेलं, तेही तसंच. अंकाचा क्रमांक आमच्या मागच्या अंकाच्या पुढचा. तळाशी माझं नाव. आणि आत पानभर मजकूर एकाच बाईवर.

ती बाई आमच्या प्रभागातून उभी होती. घरचा मळा, बाजारात फुलांचं दुकान. तिची जाऊ काही वर्षांपूर्वी मळ्यातल्या विहिरीत पडून गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. अंकात लिहिलं होतं की ती पडली नव्हती. एवढंच. पुढे नुसते प्रश्न.

नवऱ्याचं म्हणणं, गप्प बसावं, मतदान झालं की लोक विसरतील. मी दुकानावर गेले. ती शेवंतीचा हार ओवत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "या मास्तरीणबाई. हार पाह्यजे का अजून कोनाची अब्रू?"

मी सांगितलं की हा अंक आम्ही काढलेला नाही. खाली नाव कोणाचं, असं तिने विचारलं. नाव माझं आहे, अंक माझा नाही, मी म्हणाले. ते माझं मलाच पोकळ वाटलं.

"मंग तुमचा कसा असते तो दाखवा," ती म्हणाली. "मी त याच्या आदी कदी पायलाच नाई. ईचारा इथं कोनाले बी."

आमचा मागचा अंक मी पिशवीत नेला होता. कालव्याची एक बातमी, तीन वाढदिवसांच्या शुभेच्छा, बाकी इकडचं तिकडचं. तिने दोन्ही कागद झेंडूच्या टोपलीवर शेजारी शेजारी ठेवले. तेच नाव, तोच कल, तीच ओळ. शेजारचा नारळवाला आणि दोन गिऱ्हाइकं वाकून बघत होती. ती म्हणाली, हाही तुमचा अन् तोही तुमचाच, मी काही भांडत नाही, पोलिसात देऊन राहिली.

परत येताना मला नीट उमगलं. आमचा पेपर गावाने कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे हा आमचा नाही असं सांगू शकणारा एकही माणूस गावात नव्हता. आणि ज्याने तो बनवला त्याच्या हाताशी आमची खरी प्रत होती. कचेरी, छापखाना, कपाट. चौथी जागा नव्हती. कपाटातल्या प्रती मी मोजून पाहिल्या, सगळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठला गेले. मला खऱ्या अडीच हजार प्रती हव्या होत्या, पहिल्या पानावर खुलासा टाकून. छापखानेवाले म्हणाले कागद संपलाय. मग म्हणाले रोलर गेलाय. त्यांच्या मागे मशीन चालू होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले तेव्हा ते मला दाराशी घेऊन आले.

"वैनी, तो अंक मी नाई छापला. सरांची आन. पन तुमचाही छापाले नका लावू."

काहून, मी विचारलं.

"दोघं जन येऊन गेले. चहा पेले. मशीन पायली. अन् गेले. काईच बोलले नाई."

दुसरीकडे छापावा तर तो छापखाना आधी नोंदवावा लागणार. ते मंजूर होईपर्यंत मतदान उरकलं असतं, आणि न कळवता छापला तर तो खरोखरच बेकायदा अंक झाला असता, माझ्या सहीचा. ज्याने खोटा काढला त्याला कोणालाच काही कळवायचं नव्हतं.

ठाण्यातून बोलावणं आलं. रिक्षात नवऱ्याने हळू आवाजात बजावलं की खप विचारला तर अडीच हजार सांग. नाहीतर सरकारला खोटी माहिती दिली असं होईल, जाहिरातींचे पैसे परत मागतील, त्याच्या शाळेपर्यंत चौकशी जाईल. मग तो बाहेर बाकावर बसला.

आत एक अधिकारी आणि टाइप करणारा शिपाई. अधिकाऱ्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि पहिलाच प्रश्न केला की अंकाच्या किती प्रती काढता. अडीच हजार म्हटलं तर गावभर वाटलेला तो अंक माझाच ठरत होता. एवढ्या प्रती दुसरं कोण काढणार?

"पंधरा," मी म्हणाले.

टाइप करणं थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"म्हणजे हा तुमचा नाही, एवढं मी मानतो," ते म्हणाले. "आधीचे सगळे खोटे."

मी म्हणाले, "अंक खोटे नाहीत. आकडा खोटा." ते हसले नाहीत. शिपायाने तेही टाइप केलं. मी सही केली.

बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं. कोपऱ्यावर रिक्षा थांबवून त्याने दूध घ्यायचंय का एवढंच विचारलं.

फुलवालीची तक्रार अनोळखी इसमाविरुद्ध नोंदली गेली. माझं नाव त्यात आलं नाही. मला वाटलं, आता माझ्यामागे लागेल ते पेपरांची नोंदणी करणारं दिल्लीचं कार्यालय, त्याला वेळ आहे.

मतदानाच्या आदल्या सकाळी दाराखाली परत कागद होता. तेच नाव, पुढचा क्रमांक. या वेळी मजकूर माझ्यावर. पंधरा प्रतींची संपादिका. विवरणपत्रातला अडीच हजारांचा आकडा, नवऱ्याची शाळा, आणि ठाण्यात मी दिलेलं उत्तर शब्दाला शब्द, "अंक खोटे नाहीत, आकडा खोटा" यासकट. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी प्रुफं तपासते तशी तो मजकूर ओळीओळीने वाचला, कुठेतरी एखादी थाप सापडेल म्हणून. सापडली नाही. तळाशी प्रकाशक म्हणून मी.

कडी वाजली. फुलवाली होती, हातात तोच अंक. गल्लीत मागे प्रत्येक दाराखाली कागदाचं पांढरं टोक दिसत होतं. हाही तुमचा नाही म्हणणार का, असं तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"अंक माझा नाही," मी म्हणाले. "लिहिलंय ते खरं आहे."

तिने कागदाची घडी घातली, ब्लाऊजमध्ये खोचली.

"हेच त म्हनून राहिली मी," ती म्हणाली. "आता माह्या जावेचं बी लोक खरंच समजतीन."